दरी झिजून गेल्यावर

मुंबई-पुण्याकडच्या माणसाला 'भंडाऱ्याला डोंगर हिंडायला चाललोय' असं सांगितलं, की तो हमखास भंडारदरा ऐकतो. लगेच सांदण दरीची चौकशी सुरू होते, साम्रदला मुक्काम कुठे करावा याचा सल्ला मिळतो. आपण नागपूरच्या पूर्वेला, वैनगंगेकाठच्या भंडारा जिल्ह्याबद्दल बोलतोय हे लक्षात आल्यावर मात्र तो गप्प होतो आणि मग विचारतो, "तिकडे कुठले डोंगर?"

प्रश्नात थोडा आगाऊपणा असला तरी तो अगदीच चुकीचा नाही. सांदणसारखी दरी भंडाऱ्यात नाही. साम्रद गावाजवळ जमीन फाटावी तशी ती काळ्या बेसाल्टमधली भेग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. दोन्ही बाजूंना ताशीव कडे, मधली वाट काही ठिकाणी एवढी अरुंद की हात पसरले तर दोन्हीकडचा दगड लागेल. आणि लाल दगडाची दरी म्हणाल, तर त्यासाठी आणखी लांब जावं लागतं. अमेरिकेत फिनिक्स भागात राहणारी मराठी कुटुंबं जोडून सुटी आली, की गाडीने दोनेक तासांवरच्या सेडोनाला जातात. तिथे कोकोनिनो राष्ट्रीय वनात तांबड्या खडकांच्या सरळसोट भिंती आहेत, त्यांतून ओक क्रीक नावाचा ओढा वाहतो आणि त्याच्या काठाने, पाण्यातून, कपारींखालून पायवाटा जातात. सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूचे ते थर. त्यांचे फोटो पाहिले, की आपल्याकडच्या माणसाला वाटतं, एवढं नसलं तरी यातलं थोडं आपल्याला मिळायला हवं होतं.

भंडाऱ्याला ते मिळालं नाही. पण का मिळालं नाही याचा शोध घ्यायला लागलं, की पायाखालच्या जमिनीची गोष्ट हाती लागते. आणि माझ्या मते ती सेडोनापेक्षा कमी रंजक नाही. ती नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, एवढाच फरक.

दरी ही नदीच्या ताकदीची खूण आहे असं आपण मानतो. खरं तर ती नदीच्या उंचीची खूण असते. पाणी खाली जाताना दगड कापतं, आणि खाली जायला जागा असेल तेवढंच कापतं. सेडोना ज्याच्या कडेला आहे, ते कोलोरॅडोचं पठार समुद्रसपाटीपासून फार वर उचललं गेलं. तिथल्या ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ सुमारे २,१०० मीटरवर आहे आणि नदी त्याखाली जवळपास दीड किलोमीटरवर वाहते. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते या खोदकामाचा मोठा भाग गेल्या पन्नास-साठ लाख वर्षांतला आहे. भूशास्त्रात हा काळ कालपरवाचा. त्यात तिथले थर आडवे, हवा कोरडी. पाऊस कमी म्हणून कडे ढासळत नाहीत, झाडोरा विरळ म्हणून दगड झाकला जात नाही. दरी उभी राहायला एवढं सगळं जुळून यावं लागतं.

आता वैनगंगा पाहा. मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात उगम पावून ती भंडाऱ्यापर्यंत येते, तेव्हा तिची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटर उरलेली असते. इथून पुढे प्राणहिता, गोदावरी आणि मग थेट बंगालचा उपसागर. शेकडो किलोमीटरच्या प्रवासाला अडीचशे मीटरचा उतार. अशी नदी दगड कापत नाही. गाळ पसरते, वळणं घेते, वाळूची बेटं करते. भंडाऱ्याची धानशेती आणि तलाव हे याच सपाटपणाचं फळ. पाणी पळून जात नाही म्हणून ते अडवता येतं. कोहळी समाजाच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले, आता माजी मालगुजारी म्हणजे 'मामा' तलाव म्हणून ओळखले जाणारे शेकडो तलाव नुसत्या हौसेने झालेले नाहीत. उतार कुठे किती आहे हे डोळ्यांनी मोजणारी माणसं त्यामागे होती. दरीचा जिल्हा असता, तर तलावांचा जिल्हा झाला नसता.

दुसरं कारण वयाचं आहे. सह्याद्रीचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. आपण त्याला फार जुना समजतो. त्या लाव्ह्याची पूर्वेकडची कड नागपुरात येऊन संपते. सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे ती त्याच दगडाची. नागपूर ओलांडून भंडाऱ्याकडे निघालं, की आपण त्या चादरीखालून बाहेर येतो आणि एकदम कितीतरी जुन्या जमिनीवर पाय पडतो. तुमसरकडचे सौसर समूहाचे खडक आणि साकोलीच्या नावानेच ओळखले जाणारे साकोली समूहाचे खडक शंभर कोटी वर्षांहून जुने आहेत. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी इथे भूखंडांची रेटारेटी झाली, समुद्रतळाचा गाळ दाबला गेला, तापला, घड्या पडून वर आला. म्हणजे इथे पर्वत होते. त्यांच्यात दऱ्याही असणारच. ते पर्वत झिजले, दऱ्या बुजल्या किंवा त्यांच्या भिंतीच उरल्या नाहीत, आणि आज आपण ज्यावर उभे राहतो ती त्या पर्वतांची मुळं आहेत. सेडोनाला दरीचा तरुणपणा दिसतो. भंडाऱ्यात दरी होऊन गेल्यानंतरचं काय ते पाहायला मिळतं.

ते पाहायचं तर आंबागडावर जावं. तुमसरपासून दहा-बारा किलोमीटरवर, सातपुड्याच्या दक्षिणेकडच्या शेवटच्या फाट्यांपैकी एकावर हा किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह, म्हणजे नागपूर शहर वसवणारा, याच्या काळात, इ. स. १७०० च्या सुमारास त्याचा सुभेदार राजाखान पठाण याने तो बांधला असं मानतात. पुढे नागपूरकर भोसल्यांकडे गेल्यावर त्याचा तुरुंग झाला. कैद्यांना किल्ल्यातल्या विहिरीचं विषारी पाणी प्यायला लावून मारत, अशी आख्यायिका आहे. अशा आख्यायिका महाराष्ट्रातल्या निम्म्या किल्ल्यांना चिकटलेल्या असतात. पण साचलेलं, पानं कुजलेलं पाणी उन्हाळ्यात पोटात गेलं, तर वेगळ्या विषाची गरज नसते, हेही खरं.

गडाची चढण फार नाही. सह्याद्रीत तयार झालेल्या पायांना ती चढण वाटणारच नाही. म्हणून इथे वर जाण्याची घाई करू नये आणि खाली पाहत चालावं. सह्याद्रीत पायाखाली एकच दगड असतो, कमीअधिक भोकांचा. इथे शंभर पावलांत दगड बदलतो. कुठे पायवाट चमचमते, तो अभ्रक. चिखलाचा गाळ दाबला-तापला की त्याचा अभ्रकी शिस्ट होतो, पानापानांचा, नखाने पापुद्रा सुटेल असा. कुठे पांढऱ्याशुभ्र गारगोटीची शीर दगडाला तिरकी छेदून गेलेली असते. नीट पाहिलं तर शिस्टमध्ये मोहरीएवढे तपकिरी-लाल कण दिसतात. ते गार्नेट. दागिन्यात बसवावेत असे नव्हेत, पण खोल जमिनीतल्या दाबाचा आणि उष्णतेचा दाखला देणारे. आणि जिथे वाट अचानक खडी होते तिथे बहुधा क्वार्टझाइट असतो. तो मुळात वाळूचा थर. आता इतका घट्ट की हातोडा उडावा.

या टेकड्यांचा आकारही त्यावरूनच ठरला. मऊ शिस्ट झिजून सखल झाला, क्वार्टझाइट उरला. टेकड्यांच्या रांगा थरांच्या दिशेनेच धावतात. सेडोनाला पाण्याने जमीन कोरून दरी काढली. इथे उलट, भोवतालचं सगळं खाली गेलं आणि टणक थर उघडे पडले. भंडारा-गोंदियाच्या सीमेवरची गायखुरीची रांग असो की आंबागडचे डोंगर, हे उंच वाढलेले डोंगर नाहीत, उरलेले डोंगर आहेत.

आता रंगाकडे येऊ. सेडोनाचा तांबडा आणि भंडाऱ्याच्या मुरमाचा तांबडा, दोन्ही लोखंडाचे. लोखंडाला हवा आणि पाणी मिळालं की त्याचं ऑक्साइड होतं. त्यातल्या हेमॅटाइटने लाल रंग येतो, पाणी धरून ठेवणाऱ्या गोएथाइटने पिवळट-तपकिरी. पण दोन्हीकडची रीत वेगळी आहे. सेडोनाच्या वालुकाश्मात लोखंड अगदी थोडं आहे. वाळूच्या प्रत्येक कणावर त्याचा पातळ लेप बसलाय आणि तेवढ्यावर अख्खा डोंगर लाल दिसतो. भंडाऱ्याच्या माळावरचा जांभ्याचा थर किंवा त्याच्या खड्यांचा मुरूम पाहा. तिथे लोखंड वरून लागलेलं नाही, मागे राहिलेलं आहे. चार महिने धो धो पाऊस, पुढचे आठ महिने भाजून काढणारं ऊन, असं चक्र लाखो वर्षं चाललं की दगडातला सिलिका, चुना, सोडा, पोटॅश पाण्याबरोबर निघून जातो आणि लोखंड व ॲल्युमिनियम तेवढं उरतं, दूध आटवून खवा व्हावा तसं. भंडाऱ्यात वर्षाला सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिसापर्यंत जातो. जांभा व्हायला लागणारी हवा हीच. त्यामुळे कोकणातल्या माणसाला इथल्या माळावर एकदम ओळखीचा दगड भेटतो आणि तो चक्रावतो.

त्याच लोखंडाचा धाकटा भाऊ म्हणावा असा धातू या जिल्ह्याच्या नशिबात लिहिलेला होता: मँगनीज. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मध्य प्रांतात त्याचे साठे सापडले आणि १८९६ मध्ये ते काढायला एक ब्रिटिश सिंडिकेट उभं राहिलं. तुमसर तालुक्यातल्या चिखला, डोंगरी बुजुर्ग, सीतासावंगी या गावांच्या आसपासचा दगड जहाजांत भरून परदेशी पोलाद कारखान्यांना जाऊ लागला. तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणारा लोहमार्ग या खनिजाच्या मागोमाग आला. गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग ही त्यावरची स्थानकं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले लुईस ली फर्मोर यांनी या साठ्यांचा गावोगाव फिरून अभ्यास केला आणि १९०९ मध्ये त्यावर प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. मँगनीजचं गार्नेट आणि क्वार्ट्झ यांचा इथे आढळणारा खडक त्यांनी गोंड लोकांच्या नावावरून 'गोंडाइट' म्हणून नोंदवला. आज ब्राझील किंवा आफ्रिकेत तसा खडक सापडला, तरी भूशास्त्रज्ञ त्याला गोंडाइटच म्हणतात. सीतासावंगीचं नावही असंच सौसर समूहातल्या एका खडकथराला लागून शास्त्रीय लिखाणात गेलं आहे. गावातल्या किती लोकांना हे माहीत असेल, कोण जाणे. शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवावं इतकं ते मोलाचं आहे.

१९६२ मध्ये या कामासाठी सरकारी भागीदारीची कंपनी झाली, आजची मॉयल. चिखल्याची खाण जमिनीखाली जाते. डोंगरी बुजुर्गची मात्र उघडी आहे, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेली. तिथलं मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटऱ्यांसाठी वापरतात. टॉर्चच्या सेलमधली काळी भुकटी ती हीच. या खाणीच्या काठावरून आत पाहिलं की एक गंमत ध्यानात येते. निसर्गाने भंडाऱ्याला जी दरी ठेवली नाही, ती माणसाने सव्वाशे वर्षांत खणली. तांबूस-करड्या शिस्टच्या भिंती, त्यांत काळ्या खनिजाचा पट्टा, थरांच्या घड्या अशा उघड्या की विद्यार्थ्यांना नकाशा काढून दाखवावा लागू नये. सर्वसामान्यांना आत जायला परवानगी नसते आणि ते योग्यच आहे. सुरुंगाचं काम चालतं. पण भूशास्त्राच्या अभ्यासवर्गांसारखी महिन्यातून एखाद्या दिवशी काठावरच्या सुरक्षित जागेवरून शाळकरी मुलांना ती दाखवली, तर जिल्ह्याच्या पर्यटनात भर पडेल असं मला वाटतं. आपल्याकडे पर्यटन म्हटलं की धबधबा आणि देऊळ यांपुढे गाडी जात नाही.

साकोली-लाखनीकडचा दगड आणखी वेगळा. या भागात कायनाइट आणि सिलिमनाइट सापडतात. भट्ट्यांना आतून लावायच्या उष्णतारोधक विटांसाठी ते लागतात. दोघांचंही रासायनिक सूत्र एकच: ॲल्युमिनियम, सिलिकॉन, ऑक्सिजन. तेच घटक, तेवढ्याच प्रमाणात. पण खोलवर जास्त दाबाखाली स्फटिक जमला तर निळसर पात्यांचा कायनाइट होतो आणि उष्णता खूप वाढली तर सुईसारख्या तंतूंचा सिलिमनाइट. तिसरा भाऊ अँडाल्युसाइट, कमी दाबाचा. म्हणून दगडात यांपैकी कोण आहे हे पाहून तो खडक कधी काळी किती खोल गाडला गेला होता याचा अंदाज बांधता येतो. आज समुद्रसपाटीपासून दोन-तीनशे मीटरवर, उन्हात पडलेला निळा खडा हा कित्येक किलोमीटर खालून वर आलेला असतो. मधला दगड कुठे गेला, तर झिजून वैनगंगेसारख्या जुन्या-नव्या नद्यांतून समुद्राला मिळाला. दरी किती खोल होती असं विचारायचं असेल, तर याहून मोठं माप नाही.

इथपर्यंत दगड झाले. पण पायवाट नुसती दगडावर नसते, कायद्यावरही असते, आणि इथे भंडारा व सेडोना यांच्यातला फरक दगडापेक्षा मोठा आहे.

अमेरिकेत राष्ट्रीय वनं तिथल्या कृषी खात्याच्या अखत्यारीत येतात. १९०५ मध्ये स्थापन झालेली वनसेवा ती सांभाळते. लाकूडतोड, गुरं चारणं, शिकार, भटकंती, सगळं नियमांनी पण चालतं. राष्ट्रीय उद्यानं वेगळी, त्यांचं खातंही वेगळं. आपल्याकडे १९२७ च्या भारतीय वन कायद्याने राखीव वनं केली आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यं व राष्ट्रीय उद्यानं. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं हाच गुन्हा. नागझिरा त्याआधीच, १९७० मध्ये अभयारण्य झालं होतं, नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला आणि ही दोन्ही नावं भंडाऱ्याच्या नकाशातून गेली. व्यंकटेश माडगूळकरांनी 'नागझिरा' लिहिलं तेव्हाचं आणि मारुती चितमपल्ली नवेगावबांधला राहत होते तेव्हाचं जंगल भंडारा जिल्ह्यातलं होतं. त्या दोघांचंही जंगल पायी हिंडून कळलेलं आहे, हे वाचताना सतत जाणवतं.

२०१३ मध्ये भंडाऱ्यापासून वीसेक किलोमीटरवरचं सुमारे शंभर चौरस किलोमीटरचं कोका अभयारण्य झालं आणि त्याच वर्षाच्या शेवटी ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात सामील झालं. आता तिथे जिप्सीतून जायचं, गाइड बरोबर घ्यायचा, पाय खाली टाकायचा नाही. वाघांच्या दृष्टीने हे बरोबर आहे. नागझिरा आणि नवेगाव यांच्यामधून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो. लाखनी-साकोलीच्या त्या रस्त्यावरून रात्रंदिवस ट्रक धावतात आणि जनावरांना तो ओलांडावाच लागतो. त्यांच्या वाट्याला उरलेल्या शंभर चौरस किलोमीटरांत आपणही पायी घुसायचं, हा हट्ट बरा नव्हे. तरी माझं एक म्हणणं आहे. जिप्सीत बसलेला माणूस वाघ दिसला नाही म्हणून नाराज होऊन परततो, कारण त्याला जमीन दाखवणारं कोणी नसतं. गाइडच्या प्रशिक्षणात पक्ष्यांची नावं असतात, झाडांची असतात, दगडांची नसतात. वाघ न दिसणाऱ्या दिवशी शंभर कोटी वर्षांचा खडक नक्की दिसतो.

जंगलात खऱ्या अर्थाने चालतात ती वेगळीच माणसं. मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो, तेव्हा गावातल्या बाया टोपल्या घेऊन उजाडायच्या आत निघतात. फुलं पहाटे गळतात, वेचून झाली की दुसऱ्या झाडाखाली. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवायची जुनी सवय आहे आणि कित्येक वणवे तिथूनच लागतात. मे महिन्यात तेंदूपत्ता. पुडे बांधून फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर आणायचे, मोजून द्यायचे, ऊन वर यायच्या आत परतायचं. या माणसांना वाट माहीत असते, कारण ती त्यांच्याच पायांनी पडलेली असते. आणि वनरक्षक. वाघांच्या देशव्यापी गणनेत प्रत्येक बीटमध्ये पाच-पाच किलोमीटरच्या वाटांवर खुणा शोधत चालायचं असतं: पाऊलखुणा, विष्ठा, झाडावरचे ओरखडे. त्याखेरीज दोन किलोमीटरच्या सरळ रेषेवर चितळ-सांबर मोजायचे. विदर्भात सर्वात शिस्तीने चालणारे गिर्यारोहक कोण असं कोणी विचारलं, तर माझं उत्तर वनरक्षक असंच असेल. त्यांना मात्र कोणी गिर्यारोहक म्हणत नाही.

दरीच्या सगळ्यात जवळ जाणारी पायवाट मात्र जुन्या भंडाऱ्यात आहे, आताच्या गोंदियात, सालेकसा तालुक्यात. कचारगड. हावडा-मुंबई मार्गावर दरेकसा स्थानक आहे. तिथून धनेगावमार्गे जंगलातून चढत गेलं की कड्यात एक अवाढव्य गुहा लागते. माघ पौर्णिमेला महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून गोंड लोक इथे येतात. गोंडांच्या कथेनुसार काली कंकालीची तेहतीस मुलं या गुहेत कोंडली गेली होती आणि दाराशी प्रचंड शिळा होती. पहांदी पारी कुपार लिंगोने जंगो रायतारच्या साथीने त्यांना सोडवायचं ठरवलं. हिरासुका पाटालीरने किंगरी या वाद्यावर सूर धरले, त्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगात बळ आलं, सगळ्यांनी मिळून शिळा लोटली, आणि ती गडगडत खाली येताना तिच्याखाली हिरासुकाच चिरडला गेला. त्या मुलांपासून गोंडांची कुळं झाली आणि लिंगोने त्यांना कोया पुनेम हा धर्म दिला. १९८० च्या दशकात मोतीरावण कंगाली यांच्यासारख्या अभ्यासकांनी ही जत्रा नव्याने उभी केली आणि आज तिला लाखोंची गर्दी होते. बुटांचे, बाटल्यांचे, काठ्यांचे सल्ले देणाऱ्या भटकंतीच्या पुस्तकांत कचारगडचं नाव क्वचितच असतं. रबरी चपला घालून, लहान मूल खांद्यावर, पिवळा झेंडा हातात, अशी चढणारी ही माणसं कोणाच्या लेखी ट्रेकर नसतात.

गायमुखचंही तसंच. आंबागडच्याच डोंगररांगेत, तुमसर तालुक्यात, खडकातून येणाऱ्या झऱ्याजवळ महादेवाचं स्थान आहे आणि महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. झरा तिथेच का, याचं उत्तर पुन्हा दगडात. शिस्ट आणि क्वार्टझाइट तडकलेले असतात. पावसाचं पाणी त्या भेगांतून आत मुरतं, खाली न फुटलेला घट्ट थर लागला की अडतं आणि डोंगराच्या कुशीतून बाहेर येतं. अशा जागी माणसं आणि जनावरं आधी येतात, देव मागून.

जायचं कधी? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात आंबागड हिरवागार आणि देखणा असतो, पण दगड पाहायचा असेल तर पानगळीनंतर जावं. साग, धावडा, ऐन यांची पानं गेली की उतार उघडा पडतो, आणि खडकाळ जागी उभी असलेली पांढऱ्या खोडाची कांडोळाची झाडं, इकडे ज्यांना कुलू म्हणतात, लांबूनच दाखवून देतात की इथे माती नाही, थेट दगड आहे. उतरताना मुरमाच्या गोल खड्यांवरून पाय सरकतो. चढताना न घाबरणारी माणसं इथे उतरताना आपटतात, तेव्हा टाच रोवून, तिरकं उतरावं. कड्याच्या कपारीत आग्या मोहोळ असतं. अत्तर लावून जाऊ नये आणि खाली धूर करू नये. मोह फुलायच्या दिवसांत पहाटे आणि संध्याकाळी वाटेवर अस्वल भेटण्याचा संभव खरा असतो. त्याला फुलं आपल्याइतकीच आवडतात, त्याची नजर अधू आणि ते दचकलं की पळण्याऐवजी अंगावर येतं. म्हणून बोलत, आवाज करत चालावं. वाघाच्या भीतीने गप्प चालणारे लोक अस्वलाच्या बाबतीत नेमकी उलट चूक करतात.

बरोबर मुलं असतील तर दोरीला बांधलेला एक साधा लोहचुंबक न्यावा. टेकडीखालच्या कोरड्या नाल्याच्या वाळूतून तो ओढत नेला की त्याला काळे कण चिकटतात. ते मॅग्नेटाइटचे, लोखंडाच्याच दुसऱ्या ऑक्साइडचे. लाल हेमॅटाइटचे कण शेजारीच पडलेले असतात, पण चुंबकाकडे वळूनही पाहत नाहीत. तांबड्या मुरमाचे काही खडे मात्र चिकटतात. वणव्याच्या आचेने त्यांतल्या लोखंडाचं रूप बदललेलं असण्याचा बराच संभव असतो, आणि मुलांचे प्रश्न इथून खरे सुरू होतात. चिकटलेली वाळू तिथेच झटकून टाकायची. आणि हा खेळ कोक्यात नाही, बाहेरच्या नाल्यात करायचा, कारण अभयारण्यातून खडासुद्धा उचलून आणायला मनाई आहे.